पुलावरचा ओग्र आणि चाळीस मिनिटं

पत्राचा सारांश: पुण्याचे एक वाचक दीड वर्षापासून एक रविवार सोडून एक, असं घरी डन्जन्स अँड ड्रॅगन्स या भूमिका घेऊन आणि फासे टाकून खेळायच्या गोष्टीच्या खेळाची पाचवी आवृत्ती (2014 ची) चालवतात. डीएम (गोष्ट चालवणारा आणि निकाल देणारा) ते स्वतः, खेळाडू पाच, वेळ दुपारी चार ते आठ. गेल्या खेपेला पुलावर ओग्र (एक धिप्पाड राक्षस) आडवा आला. फायटर (लढवय्यी) हे पात्र खेळणारी म्हणाली, "मी त्याला कवटाळून धरते, बाकीचे पलीकडे पळा." हे चालतं का आणि कसं, यावर चाळीस मिनिटं गेली. फासा पडला तोवर कुणाला त्यात रस उरला नव्हता. आता गटात दोन तट आहेत. याच खेळाच्या आधीच्या 3.5 आवृत्तीवर तयार झालेला एक जुना खेळाडू म्हणतो, पाचवी आवृत्ती बालवाडी आहे, सविस्तर नियमांचा खेळ घ्या. दोन नवे खेळाडू म्हणतात, जाड इंग्रजी पुस्तकं नकोतच, केर्नसारखा मोजक्या पानांचा खेळ घ्या. उरलेले दोघं गप्प. वाचक विचारतात: सोपे नियम बरे की सविस्तर? गट फोडावा लागेल का? आणि सोप्याकडे वळलो तर खेळ पातळ केल्यासारखं होईल का?

उत्तर:

ती चाळीस मिनिटं आधी उलगडून बघू, कारण तुमचा प्रश्न तिथेच अडकला आहे. तुम्ही लिहिलंय की आधी दोघांनी फोनवर नियम शोधला, मग एकाला जुन्या आवृत्तीतला नियम आठवला, मग एवढ्या मोठ्या राक्षसाला माणूस धरूच कसा शकेल यावर चर्चा झाली, आणि मग फासा. तुम्ही खेळता त्या आवृत्तीत हा नियम खरं तर एका दमात सांगून होतो. एका वाराच्या बदल्यात प्रयत्न करायचा. एक हात मोकळा हवा. समोरचा आपल्यापेक्षा फार तर एका आकाराने मोठा चालतो. दोघांनी वीस बाजूंचा फासा टाकायचा; धरणाऱ्याने त्यात अ‍ॅथलेटिक्स कौशल्याचा आकडा मिळवायचा, समोरच्याने अ‍ॅथलेटिक्स किंवा अ‍ॅक्रोबॅटिक्स यांपैकी हवं ते. धरणाऱ्याची बेरीज जास्त आली की समोरच्याचा वेग शून्य. संपलं.

म्हणजे नियम लांबलचक होता म्हणून वेळ गेला नाही. नियम कुणाला पाठ नव्हता, आणि पाठ नसेल तेव्हा काय करायचं हे तुमच्यात ठरलेलं नव्हतं, म्हणून गेला. हे दुखणं घेऊन हलक्या खेळाकडे गेलात तर ते सोबत येईल. सविस्तर खेळाकडे गेलात तर वाढेल.

तरीही तुमच्या जुन्या मित्राच्या तक्रारीत दम आहे, आणि तो आकड्यांत दिसतो. तिसऱ्या लेव्हलची फायटर घ्या, ताकद 16. पाचव्या आवृत्तीत तिला +3 ताकदीचे आणि +2 प्रावीण्याचे, म्हणजे +5. ओग्रची ताकद 19, त्याचे +4. दोन फाशांच्या 400 जोड्यांपैकी 210 तिच्या बाजूने पडतात: 52.5 टक्के. माणसाएवढी बाई जवळजवळ दुप्पट उंचीच्या राक्षसाला निम्म्याहून जास्त वेळा जागच्या जागी रोखून धरते.

आता हाच प्रसंग 3.5 मध्ये. ती ओग्रच्या शेजारी उभी आहे आणि तिचा आर्मर क्लास (तिला वार लागायला लागणारा आकडा) 18 आहे असं धरू. धरायला हात घातल्याबरोबर ओग्रला फुकटचा एक वार मिळतो. तो लागून इजा झाली तर प्रयत्न तिथेच फसला. ओग्रचा वार +8, म्हणजे 55 टक्के वेळा लागणार. त्यातून वाचली तर स्पर्शाचा हल्ला, ज्यात ओग्रचं कातडं आणि चामडी चिलखत मोजायचं नाही. तो 95 टक्के वेळा जमतो. मग खरी झटापट. तिचे मूळ हल्ल्याचे +3 आणि ताकदीचे +3, मिळून +6. ओग्रचे मूळ हल्ल्याचे +3, ताकदीचे (तिथे ती 21 आहे) +5 आणि मोठ्या आकाराचे +4, मिळून +12. 400 पैकी 91 जोड्या तिच्या. तिन्ही पायऱ्यांचा गुणाकार केला तर जेमतेम 10 टक्के उरतात.

केर्नमध्ये असा वेगळा नियमच नाही. डीएम आधी ठरवतो की हे मुळात शक्य आहे का. "एकटीला जमणार नाही, दोर असेल तर बघू" असं म्हणता येतं. शक्य आहे असं ठरलं तर ताकदीइतका किंवा त्याहून कमी फासा पडायला हवा. ताकद 12 असेल तर 60 टक्के.

तिन्हींत वेळ कमीजास्त लागतो, पण त्याहून मोठा फरक असा की तिन्ही नियम वेगळ्या जगाचं वर्णन करतात. पाचव्या आवृत्तीच्या जगात वीर ओग्रला धरतात. 3.5 च्या जगात तसं करणारा बहुधा मरतो, आणि म्हणून त्यासाठी खास तयारी केलेलं पात्र सगळ्यांत उठून दिसतं. केर्नच्या जगात ओग्रला धरायचं की पुलाचे दोर कापायचे, हा प्रश्न आधी येतो. तुमचा मित्र 'बालवाडी' म्हणतो तेव्हा त्याला बहुतेक हेच सांगायचं असतं की या जगात ओग्रचं वजन जाणवत नाही. त्याला हे स्पष्ट विचारा. उत्तर 'हो' आलं तर ते एका घरच्या नियमाने सुटणारं आहे. त्याकडे शेवटी येतो.

तुमच्या पत्रात एक गोष्ट गृहीत धरलेली दिसते: सविस्तर म्हणजे खोल, सोपं म्हणजे पातळ. ओझ्याचा नियम घेऊन हे तपासून बघा. पाचव्या आवृत्तीत ताकदीला पंधराने गुणायचं, तेवढे पौंड उचलता येतात. ताकद 16 असेल तर 240 पौंड, म्हणजे सुमारे 109 किलो. मशाल 1 पौंड, एका दिवसाची शिदोरी 2 पौंड, पन्नास फूट साधा (हेम्पचा) दोर 10 पौंड. प्रत्येक वस्तूचं वजन छापलेलं आहे, बेरीज करायची सोय आहे, आणि ती बेरीज कुणीच करत नाही, कारण 240 ला कुणी पोचतच नाही. आता केर्न: सामानासाठी दहा खण. बहुतेक वस्तू एक खण घेतात, अवजड वस्तू दोन. दहाही खण भरले की तुमचं हिट प्रोटेक्शन (जखम टाळायचा साठा) शून्यावर येतं. हा नियम दोन ओळींचा आहे, पण तळघरात चांदीची समई सापडली की चौघं डोकी एकत्र आणून बोलायला लागतात: दोर टाकायचा, की मशाली, की समई इथेच ठेवायची? पौंडांच्या कोष्टकातून अशी चर्चा एकदाही निघत नाही.

म्हणून कोणत्याही नियमाला एकच प्रश्न विचारा: यामुळे खेळाडूला काही निवडावं लागतं, की नुसती बेरीज करावी लागते? निवडायला लावणारा नियम कितीही लांब असला तरी तो टेबलावर हवा. नुसती बेरीज करायला लावणारा नियम एका ओळीचा असला तरी काढून टाका, कुणाला त्याची आठवणही येणार नाही. 'सोपं की सविस्तर' हा वाद पुस्तकाच्या जाडीवर चालतो, आणि पुस्तकाच्या जाडीवरून हे कळत नाही.

या वादाला दीडशे वर्षांची परंपरा आहे, हेही तुमच्या गटाला सांगा. रविवारच्या भांडणाची धार थोडी कमी होईल. प्रशियाच्या लष्करात अधिकाऱ्यांना शिकवण्यासाठी क्रीगश्पील नावाचा नकाशावरचा युद्धखेळ होता. राइसविट्झ यांनी 1824 मध्ये त्याचे नियम छापले: कोष्टकं, फासे, प्रत्येक गोळीबाराचा हिशेब. पुढे अधिकारी त्या हिशेबाला कंटाळले, आणि 1876 मध्ये व्हेर्डी द्यु व्हेरन्वा यांनी मांडलं की कोष्टकं बाजूला ठेवावीत, अनुभवी पंचाने निकाल द्यावा. डन्जन्स अँड ड्रॅगन्स 1974 मध्ये आलं ते तीन बारक्या पुस्तिकांत. पुढच्याच वर्षी केन सेंट आंद्रे यांनी त्याहून सोपा असा टनेल्स अँड ट्रोल्स काढला, आणि 1977 ते 1979 या काळात खुद्द मूळ खेळाच्या 'अ‍ॅडव्हान्स्ड' आवृत्तीची तीन जाड पुस्तकं आली. 1977 मध्येच सोपी 'बेसिक' पेटीही निघाली. एकाच कंपनीने दोन्ही बाजूंना एकाच वेळी माल पुरवला. तुमच्या घरात जे दोन तट पडलेत, ते खेळाच्या जन्मापासून आहेत.

आता नव्या खेळाडूंच्या बाजूला थोडं खोदू. हलके नियम डीएमला हलके पडतात असं तुम्हीही धरून चालला आहात. तसं नसतं. पुस्तकातून काढलेला प्रत्येक नियम तुमच्या डोक्यात जाऊन बसतो. दरी ओलांडायला काय लागेल, अंधारात बाण किती चुकतो, छतावरून पडल्यावर काय होतं, हे सगळं क्षणात तुम्ही ठरवायचं. चार तास हे केल्यावर येणारा थकवा खरा असतो. त्यात तीन गोष्टी हमखास बिघडतात. एक, सातत्य सुटतं: ज्या उडीला आज 12 लागले त्याच उडीला महिन्याने 17 लागतात आणि ज्याचं पात्र पडलं तो गप्प होतो. दुसरं, बोलघेवड्याचं फावतं. नियम नसला की जो रंगवून सांगतो त्याची युक्ती चालते, आणि कमी बोलणाऱ्याचा हक्काचा +5 कुठे लिहिलेलाच नसतो. तिसरं सगळ्यांत दुखरं: पात्र मेलं तर ते फाशाने मेलं असं वाटत नाही, तुम्ही मारलं असं वाटतं. या तिन्हींवर उपाय आहेत, पण ते करावे लागतात. फासा टाकायच्या आधी अंदाज बोलून दाखवायचा ("निम्मी शक्यता, चुकलीस तर काठावर लोंबकळशील"). धोका आधी दिसू द्यायचा. आणि दिलेला निकाल वहीत लिहायचा.

तुमचे जे दोघं गप्प आहेत त्यांच्यासाठी तर हा मुद्दा फार महत्त्वाचा आहे. लाजऱ्या खेळाडूला छापलेला नियम आधार देतो: माझ्या कागदावर लिहिलंय, म्हणून मला करता येतं, कुणाला पटवायला नको. त्यांना सगळ्यांसमोर मत विचारू नका. आठवड्यात कधीतरी वेगळा मेसेज करा, आणि त्यात 'तुला कसे नियम आवडतात' असं विचारू नका, कारण याचं उत्तर बहुतेकांना देता येत नाही. विचारा: गेल्या तीन बैठकांतला कोणता क्षण आठवतोय? आणि हातात फोन कधी घेतलास?

कोणता खेळ घ्यायचा हे ठरवण्याआधी एक बैठक मोजून काढा. कागदावर चार रकाने: विचार आणि बोलणं, फासे आणि बेरजा, पुस्तक किंवा फोन, वाद. लढाईत दर दोन मिनिटांनी त्या क्षणी जे चालू असेल तिथे एक रेघ. हे काम अशा खेळाडूला द्या ज्याला नोंदी ठेवायला आवडतात. तुमचा जुना मित्र त्याला उत्तम आहे. स्वतःच्या हाताने रेघा मारल्या की माणूस आकड्यांवर विश्वास ठेवतो. बहुतेक टेबलांवर 'फासे आणि बेरजा' हा रकाना वाटतं तेवढा भरत नाही. भरतो तो दुसरा एखादा.

आणि भरलाच, तरी खेळ न बदलता तो निम्मा करता येतो. समजा पाच खेळाडू आणि सहा गॉब्लिन आहेत. खेळाडूच्या पाळीला अडीच मिनिटं आणि गॉब्लिनच्या पाळीला एक धरलं तर एक फेरी साडेअठरा मिनिटांची. चार फेऱ्यांना सव्वा तास. आता गॉब्लिनना तीन-तीनच्या दोन टोळ्यांत बांधा आणि टोळीला एकच इनिशिएटिव्ह (पाळीचा क्रमांक) द्या. त्यांच्या इजेचे फासे टाकू नका, छापलेली सरासरी घ्या (तलवारीच्या वाराला 5). खेळाडूंनी हल्ल्याचा आणि इजेचा फासा एकत्रच टाकायचा. ज्याची पाळी पुढची आहे त्याला तुम्ही आधीच सांगायचं: "तुझी पाळी, तयार राहा." विझार्डने (जादूगाराने) आपले मंत्र एका कार्डावर एक असे लिहून आणायचे, त्यात पल्ला, इजा आणि बचावाचा आकडा ठळक. एवढ्याने खेळाडूची पाळी सव्वा मिनिटावर येते, टोळीची दीड मिनिटावर. फेरी नऊ-सव्वानऊ मिनिटांची, लढाई पाऊण तासाच्या आत. नियम एकही कमी झालेला नाही.

पुस्तक उघडण्याचा नियमही आजच ठरवा. ज्याची पाळी चालू आहे त्याने पुस्तक उघडायचं नाही आणि डीएमनेही नाही. ज्याला हौस आहे त्याने शोधावं. फासा पडायच्या आत सापडलं तर तो नियम लागू, नाही सापडलं तर तुमचा निकाल त्या दिवसापुरता कायम. अपवाद एकच: त्या निकालावर एखाद्या पात्राचा जीव अवलंबून असेल तर थांबा, चहा ठेवा, आणि नीट शोधा. निकाल देताना तुम्हाला फार विचार करायची गरज नाही. सोपं असेल तर 10, मध्यम 15, अवघड 20, आणि कोणती क्षमता वापरायची ते सांगा. मग वहीत एक ओळ: प्रसंग, निकाल, तारीख. पुढच्या बैठकीची पहिली पाच मिनिटं त्या ओळींसाठी. तिथे तुमचा मित्र पुस्तकातला नियम वाचून दाखवेल आणि सगळे मिळून ठरवतील की तो घ्यायचा की वहीतला ठेवायचा. सहा महिन्यांत ही वही तुमच्या टेबलाचं नियमपुस्तक होते, आणि तुम्हाला नेमका किती तपशील हवा आहे ते तिच्यातच दिसतं.

गटाला काय हवं ते कळण्यासाठी चिंचोके आणा, साठ. तुमच्यासह सहा जणांना दहा-दहा. जमिनीवर सहा चिठ्ठ्या मांडा: लढाई, जादू, वाटचाल आणि शिदोरी, बोलणी आणि कारस्थानं, वस्तू आणि दुरुस्ती, पात्र घडवणं. जिथे बारकावे हवेत तिथे जास्त चिंचोके ठेवायचे, जिथे पटकन उरकलं तरी चालेल तिथे शून्य. सगळ्यांनी एकदम ठेवायचे, नाहीतर गप्प माणसं दुसऱ्याचं बघून ठेवतात. बरेचदा असं दिसतं की 'सविस्तर नियम हवेत' म्हणणारा आपले आठ चिंचोके एकट्या 'पात्र घडवणं' यावर टाकतो. असं झालं, तर लढाई सोपी ठेवून त्याला पात्राच्या निवडी वाढवून द्या. दोन्ही एकाच टेबलावर सुखाने चालतं. साठपैकी पंचवीस-तीस लढाईवर पडले तरच सविस्तर लढाईच्या खेळाचा विचार करा.

तसं झालं तर 3.5 कडे मागे जाऊ नका, पाथफाइंडर या त्याच धाटणीच्या खेळाची 2019 ची दुसरी आवृत्ती बघा. कारण असं: 3.5 मध्ये वरच्या जागेचे +1, दोन्हीकडून घेरल्याचे +2, धावत जाऊन केलेल्या हल्ल्याचे +2, आशीर्वादाच्या मंत्राचे +1 अशी बेरीज वाढत जाते आणि दर पाळीला काहीतरी विसरतं. पाथफाइंडर 2 मध्ये असे बोनस मोजक्या तीन प्रकारचे असतात आणि एकाच प्रकारचे दोन एकत्र धरता येत नाहीत. प्रत्येकाला पाळीत तीन कृती. लक्ष्यापेक्षा 10 ने जास्त पडलं तर निकाल आणखी चांगला, 10 ने कमी पडलं तर आणखी वाईट. ओग्रला धरणं ही तिथे एक कृती, एक फासा आणि चार निकाल: पूर्ण जखडला, धरला, सुटला, किंवा उलट त्यानेच तुम्हाला धरलं नाहीतर आडवं पाडलं. सविस्तर नियम आखीव असला तर किती थोड्या वेळात किती सांगतो, याचा हा चांगला नमुना आहे. मात्र या खेळात +1 ला किंमत आहे. ज्यांना आकडे लक्षात ठेवायला आवडत नाहीत ते इथे मागे पडतात आणि त्यांना ते जाणवतं.

मित्राचं आणखी एक म्हणणं तुम्ही ओझरतं लिहिलंय, ते मला महत्त्वाचं वाटतं: "पाचव्यात डोकं चालवून उपयोग नाही, सगळ्याचं उत्तर अ‍ॅडव्हान्टेज." अ‍ॅडव्हान्टेज म्हणजे दोन फाशांपैकी मोठा. 11 लागत असतील तर 50 टक्क्यांचे 75 होतात. 20 च लागत असेल तर 5 चे 9.75. टेबलावर विलक्षण वेगवान सोय आहे ही, आणि बहुतेक बारीक बेरजा तिने पुसून टाकल्या. पण ती एकदा मिळाली की दुसऱ्यांदा मिळत नाही. उंचावर चढल्याबद्दल डीएमकडून अ‍ॅडव्हान्टेज मिळालं की शत्रूच्या डोळ्यांत वाळू फेकायचं कारण उरत नाही. मित्राचं म्हणणं बरोबर आहे. उपाय म्हणून दुसऱ्या युक्तीला आकडा देऊ नका, परिणाम द्या: वार लागला तर शत्रू पाच फूट मागे सरकेल, ढाल सुटेल, पुढच्या पाळीपर्यंत त्याला एकालाच पाहता येईल. बेरीज वाढत नाही आणि डोकं चालवल्याचं चीज होतं.

केर्न करून बघायचं असेल तर मोहीम न मोडता दोन बैठका बाजूला काढा. पात्रं वीस मिनिटांत होतात. सुरुवातीलाच एक गोष्ट नीट समजावा: तिथे वार लागला की नाही याचा फासाच नसतो. हत्यार चालवलं की इजा होणारच, चिलखताने थोडी कमी. हिट प्रोटेक्शन संपलं की इजा ताकदीत उतरते आणि पात्र कोसळू शकतं. पाचव्या आवृत्तीच्या सवयीने धावून गेलेली पात्रं पहिल्या तासात मरतात, आणि मग लोक खेळाला नावं ठेवतात. धोका तुम्ही आधी दाखवणार, पळून जाणं ही सुद्धा चाल आहे, हे सांगितलं की दुसरी बैठक अगदी वेगळी होते. त्या दोन बैठकांत मजा आली तरी चालू मोहिमेतली पात्रं आकड्याला आकडा लावून तिकडे नेऊ नका, नव्याने बांधा.

सध्या तरी मी तुम्हाला पाचव्या आवृत्तीतच राहायला सांगेन: वर सांगितलेली वही, टोळ्यांचं इनिशिएटिव्ह, आणि केर्नचे दहा खण उसने घेऊन. दहा खण भरले की पाचव्या आवृत्तीत हिट पॉइंट (पात्राचा जीव मोजणारा आकडा) शून्य करू नका, वेग दहा फुटांनी कमी करा. तिथे हिट पॉइंटचा अर्थ वेगळा आहे. चार बैठकांनंतर रेघा पुन्हा मोजा आणि मग ठरवा. गट फोडायचा विचार तेव्हाच करा, जेव्हा चिंचोक्यांची मांडणी दोन पूर्ण वेगळ्या खेळांची निघेल. तसं निघालं तरी महिन्यातल्या दोन रविवारांपैकी एक याचा, एक त्याचा, असं वाटून घेता येतं, आणि दुसरा रविवार तुमच्या मित्राने चालवावा. सविस्तर नियमांची हौस असलेल्याने ते एकदा डीएमच्या बाजूने सांभाळून बघावेत.

जाड इंग्रजी पुस्तकांची अडचण मात्र आजच सुटू शकते. प्रत्येकासाठी मराठीत एक पान करा: पाळीत काय काय करता येतं, हल्ला कसा करायचा, बचाव कसा करायचा, विश्रांतीने काय परत मिळतं. आर्मर क्लास, हिट पॉइंट हे शब्द तसेच ठेवा, कारण कॅरेक्टर शीटवर तेच आहेत, समजावणी मराठीत. पाचव्या आवृत्तीचे मूळ नियम जानेवारी 2023 पासून क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली खुले आहेत आणि केर्नही क्रिएटिव्ह कॉमन्सच्याच एका परवान्याखाली आहे (त्यातलं काही घेतलंत तर पानही त्याच परवान्याखाली द्यावं लागतं), त्यामुळे स्रोताचा आणि परवान्याचा उल्लेख करून हे पान तुम्ही दुसऱ्या मराठी गटांनाही देऊ शकता. तुमच्या दोन नव्या खेळाडूंनाच ते लिहायला सांगा. जे त्यांना एका वाक्यात लिहिता येणार नाही, ते तुमच्या टेबलावर अजून कुणालाच नीट कळलेलं नाही असं समजा.

आता ओग्र. वहीच्या पहिल्या पानावर हे लिहा: आपल्यापेक्षा एका आकाराने मोठ्याला एकटीने धरायचं तर डिसअ‍ॅडव्हान्टेज, म्हणजे दोन फाशांपैकी लहान. सोबतीची मदत किंवा दोर, यांपैकी एक असेल तर साधा फासा. दोन्ही असतील तर अ‍ॅडव्हान्टेज. पुस्तकात अ‍ॅडव्हान्टेज आणि डिसअ‍ॅडव्हान्टेज एकमेकांना खातात, कितीही असले तरी. इथे आपण ते पायऱ्यांसारखे वापरतोय, हे सगळ्यांना आधी सांगा. तुमच्या फायटरसाठी या तीन पायऱ्या सुमारे 36, 52.5 आणि 69 टक्के होतात. मित्राला ओग्रचं वजन मिळालं, नव्यांना एका ओळीचा नियम मिळाला, आणि फायटरला आजूबाजूला बघून विचारायचं कारण मिळालं: दोर कुणाकडे आहे? पुढची बैठक पुलावरूनच सुरू करा, तिचे हात अजून ओग्रभोवती आहेत आणि फासा पडायचा आहे असं धरून.